बॅरेक, क्लेम आणि मन : उल्हासनगर कॅम्प क्रमांक २ च्या संदर्भात विस्थापितांच्या मनःस्वास्थ्याचा इतिहास

उल्हासनगरातील टपालाच्या पत्त्यांत आजही बॅरेकचा क्रमांक लिहिला जातो. बहुतेक ठिकाणी ती बॅरेक आता उभी नाही. तिच्या जागी चार-पाच मजली इमारत आहे, खाली दुकाने आहेत. कॅम्प क्रमांक २ मधील नेहरू चौकाच्या आसपास आणि कापडबाजाराच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्यास दुसऱ्या महायुद्धातील लष्करी तळाची खूण शोधूनही सापडणे कठीण. तरी पत्त्यात क्रमांक टिकून आहे. एखादी वस्ती काय विसरते आणि काय विसरत नाही, या प्रश्नाकडे वळण्यास हा तपशील पुरेसा आहे. प्रस्तुत लेखात या वस्तीच्या निमित्ताने विस्थापितांच्या मनःस्वास्थ्याचा, म्हणजेच त्यांच्या मानसिक त्रासाची लक्षणे कोणत्या नावाने ओळखली गेली, कोणती ओळखलीच गेली नाहीत आणि त्यांवर कोणते उपचार उपलब्ध होते, याचा विचार केला आहे.

फाळणीच्या इतिहासलेखनात पंजाब आणि बंगाल यांना जे स्थान मिळाले ते सिंधला बराच काळ मिळाले नाही. सिंध प्रांताची विभागणी झाली नाही. तो सबंध पाकिस्तानात गेला. तेथील हिंदूंपैकी अनेकांनी प्रारंभी स्थलांतराचा विचारही केलेला नव्हता. १७ डिसेंबर १९४७ रोजी हैदराबाद (सिंध) येथे आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगली झाल्या, त्यानंतर निर्गमनास वेग आला. कराचीहून आगबोटींनी मुंबईस आणि रेल्वेने राजस्थानमार्गे लोक येत राहिले. मुंबई इलाख्यात त्यांची व्यवस्था मुख्यतः रिकाम्या पडलेल्या लष्करी छावण्यांत करण्यात आली. कल्याणपासून सुमारे पाच किलोमीटरवरील छावणी ही त्यांतील सर्वांत मोठी होय. पाच कॅम्पांच्या या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून ते आले असले, तरी ज्यांना ते देण्यात आले त्यांच्या त्या वेळच्या मनःस्थितीशी त्या शब्दाचा मेळ बसणे अवघड होते. १९५१ च्या जनगणनेपर्यंत येथील वस्ती ८० हजारांच्या घरात पोहोचली होती.

बॅरेकची रचना येथे ध्यानात घ्यावी लागते. मध्ये लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या अशी ही इमारत सैनिकांच्या निवासासाठी बांधलेली होती. त्या एका दालनात अनेक कुटुंबे गोणपाटाचे वा साड्यांचे पडदे लावून राहिली. हैदराबाद वा शिकारपूर येथील वाड्यांत राहिलेल्या माणसांना हा अनुभव केवळ गैरसोयीचा नव्हता. खासगीपणा नसलेल्या जागेत शोक करता येत नाही आणि रडणाऱ्यास कोणी एकटे सोडतही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि पुढे येणाऱ्या विवेचनात त्या दोन्हींचे महत्त्व आहे.

शासनदरबारी नोंद कशाची झाली?

पुनर्वसनाचे कागद विपुल आहेत. शिधापत्रिका, कॅम्पांच्या याद्या, कर्जाचे अर्ज, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्लेम. १९५० च्या कायद्यान्वये विस्थापितांनी मागे सोडलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे नोंदवून त्यांची छाननी करण्यात आली, आणि १९५४ च्या कायद्याने भरपाई व पुनर्वसनाची चौकट ठरली. 'क्लेम' हा शब्द सिंधी कुटुंबांच्या बोलण्यात इतका रुजला की पुढील पिढीस त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. परंतु दावा घराचा करता येत होता, जमिनीचा करता येत होता. गमावलेल्या शेजाराचा, भाषेच्या परिसराचा किंवा झोपेचा दावा कोणत्या रकान्यात लिहावा, याची सोय अर्थातच नव्हती. यात कोणा अधिकाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी जगातील कोणत्याही पुनर्वसन खात्याकडे तसा रकाना नव्हता.

मानसशास्त्रज्ञ मात्र आले होते, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. १९५० साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून युनेस्कोच्या वतीने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गार्डनर मर्फी भारतात आले आणि सामाजिक तणावांच्या अभ्यासाचा मोठा प्रकल्प त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. त्याचा वृत्तान्त 'इन द माइंड्स ऑफ मेन' या नावाने १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत अर्थशास्त्रज्ञ चं. ना. वकील आणि पेरीन कॅबिनेटमेकर यांनी विस्थापित आणि शासन यांच्या संबंधांचा अभ्यास केला. तो ग्रंथरूपाने १९५६ मध्ये आला. 'व्यक्तिमत्त्व आणि संस्कृती' हा ज्यांचा मुख्य विषय होता, त्या व्हिक्टर बार्नो या मानवशास्त्रज्ञांनीही पुण्याजवळील पिंपरीच्या सिंधी वसाहतीवर १९५४ मध्ये शोधनिबंध लिहिला. परंतु त्यांनी विषय घेतला तो वसाहतीच्या सामाजिक रचनेचा.

या अभ्यासांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यांना पडलेला प्रश्न पाहण्यासारखा आहे. विस्थापितांचा राग कोणावर आहे, शासनाविषयी त्यांची वृत्ती कशी आहे, स्थानिक समाजात ते मिसळतील काय, असे ते प्रश्न होते. 'तणाव' हा शब्द समूहासमूहांतील तणाव या अर्थाने वापरला गेला. रात्री जागा राहणारा एकटा माणूस त्या शब्दाच्या कक्षेत येत नव्हता.

ठाण्याचा रस्ता

तो माणूस आला असता तर कोठे? उल्हासनगरपासून लोहमार्गाने सुमारे २५ किलोमीटरवर ठाण्याचे मनोरुग्णालय होते. १९०१ मध्ये सुरू झालेली ही संस्था नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखली जाई. येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदवावासा वाटतो. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यामुळे सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिलेले हैदराबाद (सिंध) येथील मनोरुग्णालय आणि येरवडा, रत्नागिरी व ठाणे येथील मनोरुग्णालये दीर्घकाळ एकाच प्रशासनाखाली होती. वेडाची नोंद करणारे नमुने एकच, कायदाही एकच. देश बदलला तरी सिंधी कुटुंबासाठी 'वेड्यांचे इस्पितळ' ही कल्पना नवी नव्हती, आणि तिची धास्तीही नवी नव्हती.

हा कायदा १९१२ चा. त्यानुसार रुग्णास दाखल करण्याचा नेहमीचा मार्ग दंडाधिकाऱ्याच्या आदेशातून जाई. म्हणजे आजाराची सुरुवात औषधापूर्वी कचेरीत होई. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ रोजी अमलात येईपर्यंत हीच चौकट कायम होती. रुग्णालयांतील जागाही तुटपुंज्या होत्या. भोर समितीने १९४६ च्या अहवालात नमूद केले होते की इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णालयातील एक खाट आहे, तर हिंदुस्थानात सुमारे ४०,००० लोकांमागे एक. या हिशेबाने १९५१ च्या सबंध उल्हासनगरच्या वाट्यास दोन खाटा येतात.

अशा व्यवस्थेत रुग्णालयापर्यंत पोहोचणारा माणूस तीव्र विकाराचाच असणार. ज्याला इतरांस ऐकू न येणारे आवाज येतात, जो अनाठायी संशयाने घरच्यांवर धावून जातो, ज्याचे बोलणे तुटक आणि असंबद्ध होते, म्हणजे ज्यास आज छिन्नमनस्कता म्हणतात त्या विकाराचा रुग्ण. किंवा उन्माद आणि विषाद यांच्या टोकांमध्ये हेलकावे खाणारा. हे विकार फाळणीने निर्माण केलेले नव्हते. छिन्नमनस्कता कोणत्याही समाजात शेकडा एकाच्या आसपास व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी होते. उपचार म्हणून १९३८ मध्ये रोममध्ये प्रथम वापरलेली विजेच्या झटक्याची पद्धत पाठोपाठ भारतातही आली होती; क्लोरप्रोमाझिन हे पहिले प्रभावी औषध पॅरिसमध्ये १९५२ मध्ये वापरात आले. मुंबई परिसरातील बोलीत 'ठाण्याला पाठवणे' हा वाक्प्रचार ज्या अर्थाने रूढ झाला, त्यात या व्यवस्थेचा सारा इतिहास सामावला आहे.

फाळणीने मनोरुग्णांचीही वाटणी केली, हे सर्वश्रुत आहे. १९५० मध्ये लाहोरहून सुमारे साडेचारशे हिंदू व शीख रुग्ण भारतात आले आणि दोनशेहून अधिक मुसलमान रुग्ण तिकडे गेले. सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेक सिंग' या कथेमुळे ही घटना साहित्यात अमर झाली. परंतु कथेच्या प्रभावाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की फाळणी आणि मन हा विषय निघताच दृष्टी वेड्यांच्या इस्पितळाकडे वळते. बॅरेकमध्ये पडद्याआड बसलेल्या, दुसऱ्या दिवशी गाडीत गोळ्या-बिस्किटे विकायला जाणाऱ्या माणसाकडे ती वळत नाही.

मधला प्रदेश

शासनाच्या लेखी 'सामाजिक तणाव' आणि कायद्याच्या लेखी 'वेड' या दोहोंमध्ये जो विस्तीर्ण प्रदेश आहे, त्यालाच आजचे वैद्यक 'सर्वसामान्य मानसिक विकार' म्हणते. विषाद व चिंता हे त्यांतील प्रमुख. विषादात मन उदास राहते आणि पूर्वी ज्यात रस वाटे त्यात तो वाटेनासा होतो. जोडीला झोप उडणे, भूक मरणे, थकवा, एकाग्रता न होणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, कधी जगण्याचाच कंटाळा. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि नित्याचे व्यवहार अडू लागले की तिला विकार म्हणावे, असा संकेत आहे. चिंताविकारात धडधड, घाम, श्वास कोंडल्यासारखे होणे, आणि काहीतरी वाईट घडणार ही न हटणारी धास्ती आढळते. मात्र रुग्ण वैद्याकडे येतो तो या शब्दांनिशी क्वचितच. तो डोके जड झाल्याचे सांगतो, छातीत कळ येते म्हणतो, अंग दुखते म्हणतो, 'जीव लागत नाही' म्हणतो. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या संशोधनात हेच दिसून आले. मनाचे दुःख देहाच्या भाषेत सांगणे हे अज्ञान नव्हे. ज्या घरात उदास होण्यास सवड नाही तेथे दुखणाऱ्या अंगालाच विश्रांती मागण्याचा अधिकार असतो.

घर तुटल्याने होणाऱ्या आजारासही जुने नाव आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्याने परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांच्या खंगण्यास 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. आज काव्यात मिरवणारा हा शब्द मूळचा रोगाचे नाव आहे. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' आला. १९४२ मध्ये बॉस्टन येथील एका नाइट क्लबच्या आगीत ४९२ जण दगावले. त्या घटनेतील आप्तांचा अभ्यास करून एरिक लिंडेमान यांनी १९४४ मध्ये तीव्र शोकाची लक्षणे वर्णिली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ च्या वर्गीकरणात तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेस स्थान दिले, १९६८ मध्ये ते काढून टाकले, आणि व्हिएतनाम युद्धानंतर १९८० मध्ये 'आघातोत्तर ताणविकार' या नावाने पुन्हा दिले. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, त्याची आठवण करून देणारे सर्व टाळणे, सदैव दचकत राहणे ही त्याची लक्षणे. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकास स्वतंत्र विकाराचे स्थान तर २०२२ मध्ये मिळाले. म्हणजे कॅम्प क्रमांक २ मधील पहिल्या पिढीस जे झाले असेल त्याची बहुतेक नावे ती पिढी वृद्ध झाल्यावर किंवा निघून गेल्यावर आली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नंतर घडलेल्या नावांनी आधीच्या माणसांचे निदान करणे इतिहासकारास शोभत नाही. सबंध समाजास आघातग्रस्त ठरवणे हे त्या समाजाची दखल न घेण्याइतकेच चुकीचे आहे. आघातातून गेलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे कायमची आजारी होत नाहीत, हे आजच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. प्रश्न उरतो तो ज्यांना ते जमले नाही त्यांचा. भारतीय मनोविकारशास्त्राने फाळणीबाबत दीर्घकाळ जे मौन पाळले त्याची चिकित्सा संजीव जैन व आलोक सरीन यांनी संपादित केलेल्या २०१८ च्या ग्रंथात आढळते.

उल्हासनगरात या मौनास आणखी एक कारण होते. 'शरणार्थी' हा शब्द नाकारून 'पुरुषार्थी' हा शब्द विस्थापितांनी स्वीकारला. तो अभिमानाचा होता आणि त्यात तथ्य होते: पापड-लोणच्यांपासून कापड व फर्निचरच्या बाजारपेठांपर्यंतचा प्रवास त्यांनी एका पिढीत केला. शेजारच्या मराठी समाजातही 'सिंधी माणूस कधी भीक मागत नाही' हे वाक्य कौतुकाने ऐकू येते. पण जो समाज स्वतःची ओळख न खचण्यावर उभी करतो, त्यातील खचलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने बोलावे? धडपडीची ही कथा सांगताना इतिहासलेखकांनीही हा प्रश्न फारसा विचारलेला नाही.

आधार आणि उपचार

वैद्यकीय उपचार नव्हता याचा अर्थ आधार नव्हता असा होत नाही. पंचायती, टिकाणे, संतांचे दरबार आणि सत्संग कॅम्पांत लवकरच उभे राहिले. चाळीस दिवसांचा चालिहो पाळला जाऊ लागला. झुलेलाल या दैवतास समाजाच्या एकत्वाचे प्रतीक करण्यात प्रा. राम पंजवाणी यांच्या गायनाचा आणि प्रचाराचा मोठा वाटा होता. याला मानसोपचार म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु नियमित भेट, सामूहिक गायन, दुःखाला मिळालेला विधी आणि हातास काम या गोष्टी शोक पचवण्यास साह्य करतात, हे नाकारता येत नाही. मर्यादाही उघड होती. दरबारात सामावून जाणाऱ्या दुःखास तेथे जागा होती. बडबडणाऱ्या, कपडे फाडणाऱ्या मुलास नव्हती.

नवी दिशा आली ती फाळणीतूनच. अमृतसरच्या मनोरुग्णालयात रुग्णांची गर्दी मोठी आणि मनुष्यबळ अपुरे, अशा स्थितीत डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबूंत राहण्यास बोलावले. आई-वडील शुश्रूषा करू लागले, आजार समजून घेऊ लागले आणि रुग्ण लवकर घरी परतू लागले. रुग्णाचे कुटुंब हे उपचाराचे अंग मानणारी भारतीय परंपरा येथून रुजली. अडचणीतून निघालेली ही वाट पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतून आलेली नव्हती, हे विशेष.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्येच डॉ. के. आर. मसाणी यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला होता. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना, इतर रुग्णांच्याच रांगेत उभे राहून मनाचा इलाज करता येतो, ही त्यातील खरी क्रांती होय. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलींच्या योगसूत्रांतील आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान यांवर आधारलेली उपचारपद्धती चिंता व तत्सम विकारांसाठी वापरून तिची वैद्यकीय कसोट्यांवर तपासणी केली. दरम्यान १९५५ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. प्रसंग माणसाला जितका अस्वस्थ करतो त्याहून अधिक त्या प्रसंगाविषयीचे त्याचे हट्टाग्रही विचार करतात, हे तिचे सूत्र. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत नेली, आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने ती समुपदेशनाच्या व्यवहारात आणली. 'ठाणे' या नावाचा मनाशी असलेला संबंध त्यामुळे काही अंशी तरी बदलला.

विस्थापिताच्या बाबतीत मात्र या पद्धतीपुढे एक पेच उभा राहतो. 'माझे सर्वस्व गेले' हा विचार बहुधा अविवेकी ठरवता येतो. ज्याचे खरोखरच गेले त्यास तसे सांगणे क्रूरपणाचे होईल. अशा वेळी उपचार दोन पदरी असावा लागतो. झालेल्या हानीस हानी म्हणावे लागते आणि तरीही उद्याच्या दिवसाची आखणी करावी लागते. गोव्यात अवलंबलेली आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेली पद्धत या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या पण प्रशिक्षित केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तीव्र विषादाच्या रुग्णांना अर्थपूर्ण कृतींकडे पुन्हा वळवले, आणि त्याचा लाभ मोजता आला. मध्यम व तीव्र विषादात औषधांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. परंतु खाटांच्या हिशेबात अडकलेल्या व्यवस्थेस बाहेर पडण्याचा मार्ग यातून दिसतो.

पुन्हा नेहरू चौक

पाच दशकांनंतर घराचा प्रश्न उल्हासनगरात नव्या रूपात परतला. अनधिकृत ठरलेल्या ८५५ इमारती पाडण्याचा प्रश्न २००५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ऐरणीवर आला आणि २००६ मध्ये त्या नियमित करण्यासाठी राज्यास खास कायदा करावा लागला. २८ मे २०२१ रोजी कॅम्प क्रमांक २ मध्ये नेहरू चौकाजवळ पाच मजली इमारतीचा स्लॅब कोसळून ७ जणांचा मृत्यू झाला. बचाव झाला, इमारत रिकामी करण्यात आली. अशा घटनांनंतर संरचनात्मक तपासणीचे आदेश निघतात. वाचलेल्यांच्या झोपेची तपासणी करण्याची पद्धत अजूनही रूढ नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आहे, मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आहे. भूल न देता विजेचे झटके देण्यास त्याने बंदी केली आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालील व्यक्ती म्हणून पाहण्यास सांगितले. मात्र २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. रकाना पुन्हा एकदा कोराच राहिला.

सिंधमधून जाणत्या वयात आलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. जे बालपणी आले तेही ऐंशीच्या घरात किंवा पलीकडे आहेत. या वयात स्मृतिभ्रंशाचा विकार वाढतो. त्यात अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने बराच काळ टिकते. अनेक भाषा बोलणारा रुग्ण कधीकधी मातृभाषेवरच येऊन थांबतो. कॅम्पांतील आजची नातवंडे बहुधा हिंदी बोलतात, इंग्रजी वा मराठी माध्यमात शिकतात, आणि आजोबांची सिंधी लिपी त्यांना वाचता येत नाही. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण संध्याकाळ झाली की 'घरी जायचे आहे' असा हट्ट धरतात, हा जगभरच्या शुश्रूषा करणाऱ्यांचा अनुभव आहे. त्यांना 'हेच तर घर आहे' असे समजावू नये, त्या घराविषयी विचारावे, त्याचे वर्णन करू द्यावे, असा सल्ला दिला जातो. बॅरेकच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत एखादी वृद्ध स्त्री ते वर्णन करू लागते तेव्हा ऐकणाऱ्यास ज्या गल्लीचे नाव कानी पडते, ती सिंधू नदीच्या काठची असते.